स्नूकर: तुमच्या खेळाने उडी घेतली ती नेमकी कशामुळे? (अनुभव धागा)

अठरा-वीसच्या ब्रेकवर (एका पाळीत सलग मिळवलेल्या गुणांवर) वर्षानुवर्षं थांबलेले खेळाडू प्रत्येक पार्लरमध्ये दिसतात. लांबचा रेड जातो, ब्लॅक जातो, आणखी एक रेड जातो आणि मग व्हाइट (आपण मारतो तो पांढरा बॉल) कुशनला, म्हणजे टेबलाच्या रबरी कडेला, चिकटतो. त्यांच्यातलेच काही जण एखाद्या वर्षी चाळीस-पन्नास करायला लागतात. कसं जमलं म्हणून विचारलं तर "जमायला लागलं" एवढंच सांगतात. मला त्या 'जमायला लागलं'च्या आत काय घडलं ते हवं आहे. 'भरपूर सराव करा' हे उत्तर नको, कारण सराव ते अडकलेले खेळाडूही करतातच.

हा खेळ १८७५ च्या सुमारास जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये सुरू झाला असं मानतात. पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ साली कोलकात्यात हौशी बिलियर्ड्सचं जगज्जेतेपद मिळवलं. आदित्य मेहताने २०१४ मध्ये जर्मनीतल्या स्पर्धेत १४७ चा पूर्ण ब्रेक केला. एवढं सगळं आपल्या इतक्या जवळ असूनही क्यू (खेळायची काठी) कसा चालवावा यावर मराठीत वाचायला फार थोडं मिळतं. म्हणून लिहा, आणि सविस्तर लिहा.

सुरुवात मीच करतो. व्हाइट ब्राऊनच्या स्पॉटवर (त्या बॉलच्या ठरलेल्या खुणेवर) ठेवायचा आणि ब्ल्यू, पिंक, ब्लॅक या तिन्ही स्पॉटवरून समोरच्या कुशनवर मारायचा. क्यू सरळ गेला असेल तर तो त्याच रेषेने परत येऊन टिपला (क्यूच्या टोकाला) लागतो. माझा व्हाइट दर वेळी डावीकडे परतायचा. मी मध्यावर मारतोय अशी माझी खात्री होती, पण टिप जराशी डावीकडे लागत होती आणि नको असलेला साइड (आडवी फिरकी) बॉलमध्ये जात होता. जवळच्या पॉटमध्ये (बॉल पॉकेटमध्ये घालताना) हे लपून राहतं. बारा फुटी टेबलावर लांबचा ब्ल्यू मारताना मात्र तोच साइड बॉलला पॉकेटच्या जबड्यावर आपटवतो, आणि आपण समजतो की आपला अंदाज चुकला.

मोबाइल समोरच्या कुशनवर उभा करून मी चित्रण केलं. क्यू मागे नेताना माझी मागची बोटं उघडतच नव्हती. मूठ आवळलेली राहिल्यामुळे मनगट आत वळत होतं आणि क्यू रेषेवरून सरकत होता. मागची दोन बोटं सैल सोडली आणि क्यू मागे गेल्यावर क्षणभर थांबायला शिकलो. तेवढ्यावर लांबचे पॉट लगेच वाढले असं नाही, आधी कमीच झाले. पण पॉट हुकला तर का हुकला हे कळायला लागलं, आणि माझ्या मते खेळ खरा तिथून बदलला.

ठाण्याहून

मला हे मोबाइलने दाखवलं नाही, आमच्या जिमखान्याच्या मार्करने दाखवलं. आयुष्यभर स्कोअर लिहिता लिहिता या माणसाने हजारो फ्रेम (डाव) पाहिल्या असतील. मी एकदा विचारलं तेव्हा तो म्हणाला, "साहेब, बॉल पॉकेटपर्यंत पोचायच्या आधी तुम्ही उभे राहता." त्याने मला सांगितलं की शॉट मारल्यावर हनुवटी क्यूवर तशीच ठेवायची आणि बॉल पॉकेटमध्ये पडल्याचा आवाज ऐकूनच उठायचं. सुरुवातीला फार अवघडल्यासारखं व्हायचं.

दुसरी गोष्टही त्याचीच. मी टेबलाच्या बाजूने येऊन वाकायचो आणि वाकल्यावर नेम धरायचो. तो म्हणाला, नेम उभ्यानेच धरायचा, शॉटच्या रेषेच्या मागे उभं राहून, आणि त्या रेषेवरूनच खाली जायचं. खाली गेल्यावर चुकीचं वाटलं तर क्यू हलवून दुरुस्त करायचं नाही, पुन्हा उभं राहायचं. ज्यांच्या क्लबात जुना मार्कर आहे त्यांनी त्याला आदराने विचारावं, आणि त्याच्या वेळेचे पैसेही द्यावेत. एवढं शिकलेला माणूस आपल्या पाण्याच्या बाटल्या भरण्यासाठी तिथे नसतो.

नाशिकहून

लाइन-अप सगळ्यांना माहीत असतो: ब्ल्यू, पिंक, ब्लॅकच्या रेषेत सगळे पंधरा रेड लावायचे आणि क्रमाने साफ करायचे. मी रोज पंधरा लावायचो आणि रोज पाचव्या-सहाव्यावर संपायचो. शेवटचे नऊ रेड कधी माझ्या वाट्यालाच आले नाहीत. मग मी तीनच रेड लावायला लागलो आणि एक अट घातली, व्हाइट कुशनला लागता कामा नये. लागला की पुन्हा पहिल्यापासून. तीन सहज जायला लागले की चार.

या अटीने मला स्टन शिकवला, म्हणजे व्हाइट पुढे किंवा मागे न फिरता नुसता घसरत जाऊन लागेल असा शॉट. स्टनला व्हाइट ऑब्जेक्ट बॉलच्या (ज्याला तो लागतो त्या बॉलच्या) रेषेला काटकोनात निघतो, हे एकदा अंगात मुरलं की तो कुठे जाणार ते शॉटआधीच दिसतं. त्याआधी मी प्रत्येक बॉलवर जोरात स्क्रू (उलटी फिरकी देऊन व्हाइट मागे खेचणं) करत होतो, कारण ते बघायला छान वाटतं. आता व्हाइट दोन वितींपेक्षा जास्त हलवावा लागला की मी समजतो, मागचा शॉट नीट झाला नव्हता.

दादरहून

नाशिककरांनी तीन रेड म्हटलं, मी एकच रेड म्हणतो. बिलियर्ड्स खेळा. टेबलावर तीनच बॉल: दोन पांढरे (आता त्यातला एक पिवळा असतो) आणि एक लाल. कॅननचे (आपला बॉल उरलेल्या दोन्ही बॉलना लागला तर) दोन, लाल पॉट केला तर तीन, लालवरून इन-ऑफचे (आपला बॉल लालला लागून पॉकेटमध्ये गेला तर) तीन. आम्ही पोरं होतो तेव्हा क्लबात नव्या मुलाला आधी बिलियर्ड्सच द्यायचे, स्नूकर नंतर. तेव्हा राग यायचा, आज त्या माणसांचे उपकार वाटतात.

कारण सांगतो. व्हाइट लालला बरोबर अर्धा लागला की ठरावीक कोनातच फुटतो. थोडा जाड किंवा थोडा बारीक लागला तरी तो कोन फारसा बदलत नाही. इन-ऑफचं सगळं गणित याच कोनावर उभं आहे. एकदा तो डोळ्यात बसला की स्नूकरमध्येही ब्ल्यूवरून रेडच्या घोळक्यात कसं जायचं, पिंकवरून कुशन घेऊन कुठे यायचं, हे दिसायला लागतं. आणि बिलियर्ड्समध्ये लाल बॉलही आपल्या सोयीच्या जागी आणून ठेवावा लागतो, त्यामुळे दोन बॉलचा वेग एकाच वेळी सांभाळायची सवय होते. विल्सन जोन्स, मायकेल फरेरा, गीत सेठी ही आपली परंपरा बिलियर्ड्सची आहे. पंकज अडवाणींनी २००३ मध्ये हौशी स्नूकरचं जगज्जेतेपद मिळवलं आणि बिलियर्ड्सचीही जगज्जेतेपदं मिळवली. हा योगायोग आहे असं मला वाटत नाही. आजची पार्लरं तासावर चालतात आणि तरुणांना बिलियर्ड्स संथ वाटतं, हे मला मनापासून खुपतं.

इंग्लंडहून, शेफील्डजवळ

नोकरीसाठी इथे आलो. १९७७ पासून जागतिक स्पर्धा भरवणारं क्रुसिबल याच शहरात, पण मला घडवलं ते स्थानिक लीगने. संघातल्या प्रत्येकाच्या वाट्याला साधारण एखादीच फ्रेम येते आणि हँडिकॅपमुळे दुबळ्या खेळाडूला आधीच काही गुण मिळालेले असतात. पुण्यात आम्ही 'हरेल तो पैसे भरेल' या बोलीवर एकामागून एक फ्रेम खेळायचो. एक गेली तर पुढची होती. इथे ती एकच.

त्यामुळे मी सेफ्टी, म्हणजे समोरच्याला सोपा शॉट न देणारा खेळ, शिकलो. माझ्या संघातला सत्तरीचा एक गृहस्थ लांबचे रेड मारायचाच नाही. तो घोळक्याच्या कडेचा रेड बारीक घासून व्हाइट परत खाली आणायचा आणि बॉल्क कुशनला (ब्लॅकच्या विरुद्ध टोकाच्या कुशनला) चिकटवून ठेवायचा, शक्य झालं तर ब्राऊनच्या मागे. समोरचा तरुण कंटाळून मारायला जायचा आणि टेबल उघडून द्यायचा. आता प्रत्येक पॉटआधी मी स्वतःला विचारतो, हा नाही गेला तर मागे काय उरतं? माझा मोठा ब्रेक फारसा वाढलेला नाही, पण जिंकलेल्या फ्रेम खूप वाढल्या.

नागपूरहून

थोडक्यात लिहितो. स्वतःचा क्यू घ्या. महागडाच हवा असं नाही, ॲशचा सरळ क्यू, साडेनऊ मिलिमीटरच्या आसपासची टिप, आणि मग तो बदलू नका. पार्लरच्या रॅकमधला क्यू रोज वेगळा, त्याची टिप कधी दगडासारखी कडक तर कधी पसरलेली. हाताने शिकायचं तरी काय?

पुण्याहून

संध्याकाळी पार्लरमध्ये मी वाकले की बाजूच्या टेबलावरचा खेळ थांबायचा. सल्ले न मागता मिळायचे आणि प्रत्येकाचा सल्ला वेगळा. मी सकाळी पार्लर उघडताना जायला लागले. एकटी, शांतपणे, दुसऱ्या कुणाशी फ्रेम न खेळता. फक्त कलर्स, म्हणजे रेड सोडून उरलेले सहा रंगीत बॉल क्रमाने. पिवळ्यापासून ब्लॅकपर्यंत २७ गुण. मला त्या एकांताने घडवलं. पुढे स्पर्धेत लोक बघत असताना त्या सकाळचा वेग माझ्या अंगात राहिला होता. ज्या मुलींना पार्लर नकोसं होतं त्यांनी वेळ बदलून बघा, खेळ सोडू नका. आणि पार्लर चालवणाऱ्यांनी ते बघणारे डोळे थांबवायला हवेत, ती जबाबदारी मुलींची नाही.

सांगलीहून

पन्नाशीनंतर माझे लांबचे पॉट एकदम गेले. वय झालं म्हणून सगळ्यांनी समजूत काढली. कारण चष्म्यात होतं. प्रोग्रेसिव्ह काचेत लांबचं बघायची जागा वर असते, आणि क्यूवर हनुवटी टेकली की आपण अगदी वरच्या कडेतून बघतो, तिथे फ्रेम तरी आडवी येते किंवा बॉलच्या कडा वाकड्या दिसतात. चष्मेवाल्याला क्यू घेऊन वाकून दाखवलं. त्याने फक्त लांबच्या नंबरची, उंच काचेची आणि नाकावर वर बसणारी फ्रेम करून दिली. १९८५ ची जागतिक अंतिम लढत शेवटच्या ब्लॅकवर जिंकणाऱ्या डेनिस टेलरचा तो मोठा चष्मा आठवतो ना, त्यामागचा विचार हाच. माझे समवयस्क मित्रहो, क्यू बदलण्याआधी काच तपासा.

अंधेरीहून

पावसाळ्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. जुलैत मुंबईत कापड दमट होतं, व्हाइट जड चालतो, किक (दोन बॉलची खराब टक्कर) वाढतात, आणि मे महिन्यात जमलेला वेग निरुपयोगी होतो. मी आता टेबलावर गेल्यावर आधी नुसता व्हाइट सगळीकडे फिरवतो, एका कुशनवर, दोन कुशनवर, हळू, मध्यम. कापडाचे केस बॉल्ककडून ब्लॅककडे झुकलेले असतात, त्यामुळे उलट दिशेने हळू मारलेला बॉल शेवटी सरकतो, हेही तेव्हाच कळतं. पहिली फ्रेम हरून टेबल समजण्यापेक्षा हे बरं.

धागाकर्ता

दादरकर काका, एक प्रश्न. बहुतेकांना नोकरीमुळे आठवड्यातून एखादाच तास टेबल मिळतं. तुम्ही तो कसा वापराल?

दादरहून

पहिली दहा मिनिटं तू लिहिलेली ब्राऊनच्या स्पॉटवरची रेषा. मग नाशिककरांचे तीन-चार रेड, कुशन न घेता. उरलेला सगळा वेळ पुण्याच्या ताईंचे कलर्स. त्यात बहुतेक जण ब्राऊनवरून ब्ल्यूवर येताना अडकतात, कारण तिथे पहिल्यांदाच व्हाइट लांब न्यावा लागतो. अडकलास की पिवळ्यापासून सुरू करू नकोस. ब्राऊन स्पॉटवर ठेव, व्हाइट होता तिथे ठेव आणि तोच शॉट पुन्हा मार. ब्ल्यूवर नीट आलास की मग पुढे पिंक.