सपाटीवर सव्वादोन इंच मोकळे, तरी शटरला घासते: लिफ्ट केलेली गुरखा जुन्या गॅरेजात कशी घालू?

वाशिष्ठीकाठचा

मंडळी, चिपळूणहून लिहितोय. जरा सविस्तर लिहितो, कारण अर्धवट मापं दिली की पहिली दहा उत्तरं "फोटो टाका" अशी येतात.

गॅरेज अण्णांच्या वेळचं, म्हणजे पद्मिनीसाठी बांधलेलं. त्या गाडीची उंची पाच फुटांच्याही आत. गवंड्याने सव्वाआठ फुटांवर लिंटेल (दारावरची आडवी तुळई) टाकलं, त्याच्या खाली पोकळीतच रोलिंग शटरचा ड्रम बसवला. शटर पूर्ण वर गुंडाळलं की खालची पट्टी ज्या उंचीला थांबते तिथपर्यंत जमिनीपासून ७ फूट ३ इंच. पद्मिनीला हे म्हणजे राजवाड्याचं दार होतं.

आता गाडी. २०२१ च्या मॉडेलची फोर्सची तीनदारी गुरखा, जीपसारखी उंच गाडी. कंपनीच्या कागदावर उंची २०७५ मिमी. त्यावर दोन इंची लिफ्ट, म्हणजे सस्पेन्शन तेवढं उंच केलेलं, आणि कंपनीचे २४५/७० आर १६ टायर काढून २६५/७५ आर १६. वर कॅरियर नाही, काही नाही, नुसतं छत. सपाट जागेवर लावून टेपने मोजली: ७ फूट पाऊण इंच. म्हणजे सव्वादोन इंच शिल्लक राहायला हवेत.

रस्त्याची गोष्ट सांगायलाच हवी. लहानपणी आमच्या गॅरेजची लादी रस्त्यापेक्षा चार बोटं वर होती. मग डांबरावर डांबर, त्यावर खडी, त्यावर पुन्हा डांबर, शेवटी काँक्रीट. जुना थर खरवडून काढावा असं एकदाही कुणाच्या मनात आलं नाही. आज रस्ता लादीपेक्षा दहा इंच वर आहे आणि मी माझ्याच गॅरेजात खाली उतरतो. उतार साडेसहा फूट लांबीचा, बरोबर उंबरठ्यावर संपतो.

परवा पुतण्याला आत उभा केला आणि पहिल्या गिअरला, लो रेंजमध्ये, इंचाइंचाने गाडी घातली. बॉनेट गेलं. काच गेली. काचेच्या वरची छताची गोलसर कडसुद्धा सुटली. पुतण्या म्हणतो, "काका, येऊ दे, येऊ दे." आणि त्यापुढे हातभर गेल्यावर कर्रर्र! पट्टीचा गंज छतावर आणि छताचा रंग पट्टीवर. मागे घेतली, उतरून पुन्हा टेप लावली. गाडी तेवढीच, शटर तेवढंच.

घरात तीन मतं आहेत: लिंटेल फोडा, लादी खणा, लिफ्ट काढा. चौथं मत बायकोचं, गाडी विका. ते मी इथे चर्चेला ठेवलेलं नाही. लादी खणायला मन धजत नाही. जुलै २०२१ च्या पुरात याच गॅरेजात शटरच्या ड्रमला पाणी लागलं होतं आणि आत असलेली छोटी गाडी भंगारात गेली. अजून खाली जायची हौस नाही.

जाणकारांनी सांगा, हे सव्वादोन इंच गेले कुठे?

घाटवाट

सोपं आहे राव. चारी टायरची हवा १५ वर आणा, आत घाला, सकाळी भरा. पोर्टेबल कंप्रेसर असेलच.

वाशिष्ठीकाठचा

कंप्रेसर आहे. पण रोज रात्री हवा सोडायची आणि सकाळी चार टायर भरत बसायचं, तर कामावर दुपारीच पोचेन. आणि त्याने सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरच उतरेल.

जुनीजीप_सातारा

आमच्या एमएम ५४० जीपला हा प्रश्नच नाही. हूड काढा, काच पुढे पाडा, आणि बैलगाडीच्या गोठ्यातही शिरा. पत्र्याच्या छतांनी तुम्हा लोकांना बिघडवलंय.

थोडं विषय सोडून, पण कुणीतरी बोललं पाहिजे. लिफ्ट आणि मोठे टायर हे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडकतं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या मूळ रचनेत बदल चालणार नाही असं स्पष्ट सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. उद्या कुठे ठोकली तर विमावाले आधी टायरकडे बघतील, मग तुमच्याकडे. गॅरेजच्या आधी याचा विचार करा. बाकी तुमची मर्जी.

नकाशावाली_नाशिक

दादा, तुमचे इंच कुठेही गेलेले नाहीत. तुम्ही गाडी सपाटीवर मोजलीत, पण शटरखालून जाताना ती सपाट नसतेच.

डोळ्यांसमोर आणा. पुढची चाकं आत लादीवर, मागची अजून उतारावर. उंबरठा दोन्हींच्या मधोमध. गुरखाचा व्हीलबेस २४०० मिमी, म्हणजे मागचं चाक उंबरठ्याच्या १२०० मिमी मागे. तुमचा उतार साडेसहा फुटांत दहा इंच, म्हणजे साधारण आठास एक. तेव्हा मागचं चाक लादीपेक्षा १५० मिमी वर आहे आणि पुढचं शून्यावर. मग या दोघांच्या मधला भाग किती वर? ७५ मिमी. तीन इंच! उंबरठ्याच्या खळगीवर गाडी पुलासारखी टेकते आणि छत तीन इंच उचललं जातं. तुमच्याकडे होते सव्वादोन. पाऊण इंच कमी पडला, तो छताने पट्टीला खरवडून वसूल केला.

पुढची कड का सुटली? एक तर ती गोलसर, मुळातच छताच्या माथ्यापेक्षा खाली. दुसरं, ती पुढच्या चाकाकडे आहे आणि चाकाच्या जवळ ही उचल कमी असते. सगळ्यात जास्त बरोबर मध्यावर. थोडक्यात, व्हीलबेस गुणिले उतार भागिले चार. पाचदारी लांब गाडी असती तर आणखी वाईट झालं असतं. तळघरातल्या पार्किंगला उतार जिथे संपतो तिथे डोक्यावर बीम असेल तर हेच होतं. पाटीवर लिहिलेली उंची सपाट भागाची असते.

आता काय करू नका ते आधी. कुणी सांगेल की उतार आत चार फूट वाढवा म्हणजे सौम्य होईल. सौम्य होईल, पण मग उंबरठ्याखालची जमीनच जवळजवळ चार इंचांनी वर येईल. शटर तिथेच. म्हणजे आगीतून फुफाट्यात. उतार बाहेर वाढवायला पुढे सार्वजनिक रस्ता आहे, त्याला हात लावू नका. लिंटेलला तर छिन्नीसुद्धा दाखवू नका. त्याच्यावर भिंत आणि स्लॅबचा भार आहे, एवढ्या जुन्या सळईची अवस्था पूर बघितलेल्या घरात काय असेल कोण जाणे. आणि लादी खणायचं तुम्हीच नको म्हणताय ते बरोबर आहे. रस्ता वर असताना लादी आणखी खाली नेली की दर पावसाळ्यात उंबरठ्याच्या आत चर आणि जाळी घेऊन बसावं लागेल. ती जाळी आत्ताही नसेल तर करून घ्या, तो वेगळा विषय.

हलवता येण्यासारखं एकच उरतं, ड्रम. लिंटेलपासून स्लॅब किती उंच आहे ते सांगा.

वाशिष्ठीकाठचा

ताई, दंडवत. पुतण्याने कागदावर आकृती काढून पाहिली, आता तोच सगळ्यांना शिकवत फिरतोय.

जमिनीपासून स्लॅब साडेनऊ फूट. म्हणजे लिंटेलच्या खालच्या कडेपासून पंधरा इंच. मध्ये बीम नाही. उंबरठ्यापासून आत बऱ्याच अंतरावर स्लॅबला एक लोखंडी कडी आहे, अण्णांनी पद्मिनीचं इंजिन चेनपुलीने उचलायला लावलेली.

शटरवाला_सांगली

पंधरा इंच म्हणजे झालं काम. आमचा धंदाच हा, तेव्हा माझं ऐका.

तुमचा ड्रम भिंतीच्या जाडीत, लिंटेलच्या पोटाखाली आहे. तो तिथून काढून भिंतीच्या आतल्या अंगाला, लिंटेलच्या मागे वर घ्यायचा. ब्रॅकेट आतून भिंतीला. गुंडाळी भरल्यावर ११-१२ इंच होते, पंधरात बसते. पण आधी शटर पूर्ण गुंडाळून प्रत्यक्ष मोजा. जुन्या पट्ट्या वाकल्या असतील तर गुंडाळी फुगते. गाईड चॅनेलही आतल्या अंगाला येतील आणि वरपर्यंत वाढवावे लागतील. त्यात एक जादा फायदा, पोकळीतले चॅनेल निघाले की रुंदी दोन्ही बाजूंनी वाढते. उंची वाढली म्हणून खाली काही पट्ट्या जोडाव्या लागतील. पट्ट्या वाढल्या की वजन वाढतं, मग स्प्रिंग त्या वजनाला लावून घ्यायची, नाहीतर शटर अर्ध्यात थांबेल किंवा धाडकन खाली येईल.

खालच्या पट्टीचा स्टॉपर कुठे आहे तेही बघा. पुष्कळ ठिकाणी पट्टी लिंटेलच्या खाली तीन-चार इंच लोंबत ठेवतात, हात पोचावा म्हणून. तुम्ही ती लिंटेलच्या बरोबरीला घ्या आणि ओढायला आकडीचा बांबू ठेवा. सगळं नीट बसलं तर सव्वाआठ फूट मोकळे मिळतील, धरून चला आठ.

एक मात्र हात जोडून सांगतो. भरलेली स्प्रिंग स्वतः सोडायला जाऊ नका. यूट्यूब बघून सोडणाऱ्यांची बोटं मी बघितली आहेत. आणि चिपळूणची हवा आहे, पट्ट्या नवीन घेणार असाल तर गॅल्व्हनाइज्डच घ्या.

नकाशावाली_नाशिक

आठ फुटांतून उचलीचे तीन इंच वजा केले तरी आठ-साडेआठ इंच राहतात. उद्या वर कॅरियर टाकायचा मोह झाला तर हा हिशेब आठवा.

लांबीचंही बघा. गुरखाचं मागचं दार बाजूला उघडतं आणि त्यावर स्टेपनी, तीही आता मोठी. गॅरेज किती खोल आहे?

वाशिष्ठीकाठचा

सोळा फूट. गाडी स्टेपनी धरून साडेतेराच्या वर. म्हणजे मागचं दार आतल्या आत उघडायचं विसरायचं. नाक पुढे करूनच घालणार, सामान काढायचं तर शटर उघडं ठेवून मागून. ड्रायव्हरचं दार भिंतीला लागत नाही, तेवढं अण्णांनी दूरदृष्टीने केलंय. त्यांना पद्मिनीतून उतरताना धोतर सावरायला जागा लागायची.

थांबायची खूण म्हणून त्या कडीला दोरीने एक जुना क्रिकेटचा चेंडू लटकवतो, काचेला टेकला की ब्रेक.

फॅब्रिकेटर येऊन माप घेऊन गेला. त्याने पहिलंच वाक्य टाकलं, "साहेब, लिंटेल जरा फोडूया का?" त्याला वरची दोन उत्तरं वाचायला दिली. ड्रम आत घेतोय, पट्ट्या गॅल्व्हनाइज्ड. पावसाच्या आत काम हवं आहे. तोवर गाडी मागच्या आंब्याच्या कलमाखाली.

जुनीजीप साहेब, तुमचं कायद्याचं बोलणं कडू आहे पण डोक्यात राहिलंय. टायर मूळ मापाचे करावेत का, यावर घरात बोलणी सुरू आहेत. बायको तुमच्या बाजूने आहे.

जुनीजीप_सातारा

वहिनींना नमस्कार सांगा. आणि कलमाखाली लावताय तर आंब्याचा चीक छतावर वाळू देऊ नका. खरवडलेल्या जागेवर तर मुळीच नाही. आधी तिथला गंज काढून प्रायमरचा हात मारा, मग झाकण घाला.