मदत हवी आहे: जॉबवर्कच्या हिशेबाचा डीएफडी काढलाय, ३१ गोल झालेत आणि माल तरीही जुळत नाही

रबाळे_स्टोअर

नमस्कार मंडळी.

रबाळे एमआयडीसीत पावडर कोटिंगचं जॉबवर्क आहे. पार्टीचा माल चलनावर येतो, कोटिंग होऊन परत जातो, आपण मजुरीचं बिल लावतो. नोंदी पाच ठिकाणी आहेत. आवक रजिस्टर म्हणजे वही, जॉब कार्डाचं छापील पॅड, जावक चलन एक्सेलमध्ये, बिल टॅलीत आणि उरलेलं सगळं व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर. आता सॉफ्टवेअर करून घ्यायचंय. करून देणाऱ्याने आधी डेटा फ्लो डायग्राम (डीएफडी) मागितला, म्हणजे माहिती कुठून कुठे जाते ते गोल आणि बाणांनी दाखवणारं चित्र.

काढला. डीग्रीसिंग, पाणी, डीरस्टिंग, पाणी, फॉस्फेटिंग, पाणी, पॅसिव्हेशन, ड्रायिंग, स्प्रे बूथ, ओव्हन असं करत ३१ गोल झाले. मध्ये 'माल ओके?' अशी हो/नाहीची चौकट टाकलीय. व्हॉट्सअॅप ढगासारखं वर एका कोपऱ्यात आहे. ए३ कागदावर मावत नाही.

मुळात हे सगळं ज्यासाठी चाललंय तो घोळ असा: वागळे इस्टेटच्या एका पार्टीने १८६ किलोचं चलन केलं, १.६ मिमी पत्र्याचे ब्रॅकेट. आमच्या गेटवर मोजले, ५०० नग. परत गेले ३०० आणि १८२. आमच्या वहीत चलन 'पूर्ण' म्हणून बंद आहे, पार्टी म्हणते ६.७ किलो येणे. शोधल्यावर कळलं की ७ नग मुळातच गंजून खड्डे पडलेले होते, ते टेम्पोवाल्याकडे चिठ्ठी देऊन न कोट करता परत दिले. ११ नग पुन्हा कोट करावे लागले, ते पुढच्या चलनाच्या मालात गेले.

प्रश्न: (१) गोल कमी कसे करू? (२) ओके/नॉट ओके कुठे दाखवू? (३) व्हॉट्सअॅपचं काय? (४) असा घोळ चित्रात दिसायला हवा होता का? मला तर दिसला नाही.

---

चलनवलन

तुम्ही काढलाय तो डीएफडी नाही, प्लांटचा नकाशा आहे. फॉस्फेटिंगच्या टाकीतून लोखंड जातं, माहिती जात नाही. डीएफडीवर बाण फक्त माहितीचा. सात टाक्या, बूथ आणि ओव्हन मिळून कागदावर काय उमटतं? जॉब कार्डावर बॅच, पावडरचा शेड, ओव्हनचं तापमान-वेळ आणि थराच्या जाडीचं, म्हणजे मायक्रॉनचं रीडिंग. झाला एक प्रवाह, 'प्रक्रिया नोंद'. तेवढंही लिहीत नसाल तर शून्य प्रवाह.

सुरुवात वरून करा. एकच गोल, 'जॉबवर्क व्यवहार', क्रमांक ०. भोवती बाहेरचे लोक: पार्टी, पावडर पुरवठादार, ट्रान्सपोर्टर, सीए. स्टोअरकीपर आणि सुपरवायझर बाहेरचे नव्हेत, ते गोलाच्या पोटातले. त्यांना चौकोन (बाहेरच्यांचं चिन्ह) दिलात की निम्मा कागद आपल्याच माणसांनी भरतो. शेठ आत की बाहेर यावर वाद घालत बसू नका. ते फक्त रिपोर्ट बघत असतील तर बाहेर, दर ठरवत असतील तर तो दर आत येणारा प्रवाह.

मग खालची पातळी. गोल कमी करायचे तर विभाग मोजू नका, घटना मोजा. माल आला. काम लावलं. तपासणी झाली. माल परत गेला. बिल लावलं. महिना संपला, पार्टीला शिल्लक कळवली. प्रत्येक घटनेला एक गोल, म्हणजे सहा. सातेक गोलांपर्यंत कागद एका नजरेत वाचता येतो, पुढे डोळा भरकटतो. बाकीचं पोटात. '४ माल परत पाठवणे' फोडला की ४.१, ४.२, ४.३.

फोडताना तोल सांभाळा. वरच्या ४ मध्ये जितके बाण आत-बाहेर आहेत तितकेच खालच्या कागदाच्या हद्दीवर दिसले पाहिजेत. बहुतेकांची चूक अशी की खाली ट्रान्सपोर्टची पावती अचानक उगवते आणि वर तिचा पत्ताच नसतो. उगवली तर वरही काढा.

---

पेन्सिल

चलनवलन यांना अनुमोदन. थोडी भर.

बाणावर नाम, गोलात क्रियापद. 'चलन' हे बाणाचं नाव, 'चलन तपासणे' हे गोलाचं. 'डेटा', 'माहिती', 'डिटेल्स' अशी नावं दिसली की समजायचं, काढणाऱ्याला आत काय आहे ते ठाऊक नाही.

वहीतून थेट वहीत बाण जात नाही. पार्टीकडून थेट रजिस्टरमध्येही नाही. मध्ये कुणीतरी काहीतरी करतं, तो गोल हवा. पार्टी आणि ट्रान्सपोर्टर आपसांत काय बोलतात ते आपल्या कागदावर येत नाही.

हो/नाहीची चौकट काढून टाका. ती फ्लोचार्टची. डीएफडी 'केव्हा' आणि 'जर-तर' सांगत नाही. टेम्पो विटाव्याला तासभर अडकला तरी चित्रात बदल शून्य. ओके/नॉट ओकेसाठी गोल ३ मधून तीन वेगळे बाण काढा: 'पास नग', 'पुन्हा कोटिंगचे नग', 'न कोट करता परतीचे नग'. कोणत्या अटीवर कोणता, ते गोल ३ च्या सोबत निर्णय-तक्त्यात. तुमच्या घोळाचं अर्धं उत्तर यातच आहे, कारण आज तुमच्या कागदावर 'पास' सोडून दुसरा बाणच नाही.

व्हॉट्सअॅप: आधी आजची स्थिती काढा, जशी आहे तशी. त्यात ग्रुपवरचा चलनाचा फोटो दुसरीकडे कुठेच उतरत नसेल तर ग्रुप हा साठा (माहिती साठवून ठेवायची जागा, वहीसारखीच) आहे, लाज न बाळगता तसाच दाखवा. नंतर तार्किक डीएफडी काढताना वही, एक्सेल, ग्रुप ही साधनं गळतात आणि 'डिस्पॅच सूचना' एवढा प्रवाह उरतो. सॉफ्टवेअरवाल्याला दुसरा द्या, पहिला स्वतःकडे ठेवा.

चिन्हं कुठलीही चालतील, दोन पद्धती आहेत. योर्डन-डीमार्कोत प्रक्रिया म्हणजे गोल, गेन-सार्सनमध्ये गोलसर कोपऱ्यांची चौकट. एका कागदावर दोन्ही मिसळू नका, बस.

---

खाडीअल्याड

आजकाल डीएफडी कोण वापरतं? स्विमलेन काढा, सॉफ्टवेअरवाल्यांना तेच लागतं.

पेन्सिल

कोण कधी काय करतं हे हवं असेल तर स्विमलेन. आकडा कुठून आला हे हवं असेल तर डीएफडी. इथे हरवलाय तो आकडा.

---

जमाखर्च

प्रश्न ४ कडे येतो. घोळ चित्रात दिसायला हवा होता का? हो, पण बाणाच्या पोटात काय आहे ते लिहिल्याशिवाय दिसत नाही. नुसतं गोल आणि बाण काढून कुणाचा हिशेब सापडत नाही.

तुमच्याकडे एकच माल तीन एककांत फिरतोय. पार्टीचं चलन किलोत. गेटवर मोजणी नगांत. बिल, पावडर कोटिंगचं बहुतेक असतं तसं, चौरस फुटांत असणार. आता गोल ५ 'बिल करणे' बघा. बाहेर चौरस फूट पडतायत. आत काय येतंय? नग आणि दर. मग क्षेत्रफळ कुठून आलं? एका नगाला किती चौरस फूट हे कुणाच्या तरी डायरीत किंवा डोक्यात आहे. याला राखाडी विवर म्हणतात: आत माहिती येते, पण बाहेर जे निघतं त्याला ती पुरत नाही. काहीच आत न येता बाहेर पडलं तर चमत्कार. आत जाऊन काहीच बाहेर आलं नाही तर काळं विवर, आणि तुमची ७ नगांची चिठ्ठी तिथेच गेली.

किलोचा आणखी एक सापळा. पावडरचंही वजन असतं. ७० मायक्रॉनचा थर आणि घनता १.५ धरली तर चौरस मीटरला १०५ ग्रॅम. १.६ मिमीचा पत्रा चौरस मीटरला १२.५६ किलो, म्हणजे १८६ किलोत साधारण १४.८ चौरस मीटर पत्रा, दोन्ही बाजू धरून २९.६. त्यावर पावडर ३.१ किलो. तुमचे ४८२ नग काट्यावर टाकले तर १८२ किलोच्या थोडे वरच भरतील, आणि १८ नगांची तूट वजनात १० नगांएवढीच दिसेल. म्हणून कोटिंगनंतरच्या वजनावर शिल्लक कधीच काढायची नाही. किलोचे नग आवकेलाच करून घ्यायचे, एका नगाचं कोरं (कोटिंगआधीचं) वजन लिहून. इथे ०.३७२ किलो.

आता बाणाच्या पोटातलं. डेटा डिक्शनरीत असं लिहा:

परतीचं चलन = चलन क्र. + तारीख + पार्टी + { मूळ आवक चलन क्र. + नग कोड + नग संख्या + [ कोटिंग केलेला | पुन्हा कोटिंग केलेला | न कोट करता परत ] }

महिरपी कंस म्हणजे ओळी पुन्हा पुन्हा, चौकोनी कंस म्हणजे यातलं एकच. 'मूळ आवक चलन क्र.' कंसाच्या आत आहे, बाहेर नाही, हे नीट बघा. तो तुम्ही चलनाच्या डोक्यावर एकदाच लिहिता, म्हणून दुसऱ्या चलनाच्या मालात गेलेले ११ नग दुसऱ्याच्या खात्यात पडले. तो प्रत्येक ओळीवर आला की ३०० + १८२ + ११ + ७ = ५००, आणि चलन खऱ्या अर्थाने बंद.

पार्टी ६.७ किलोसाठी का मागे लागते तेही सांगतो. जीएसटीच्या कलम १४३ नुसार जॉबवर्कला पाठवलेला कच्चा माल १ वर्षात परत आला पाहिजे, भांडवली वस्तू असेल तर ३ वर्षांत. आयुक्तांनी मुदत वाढवली नसेल आणि माल आला नाही, तर तो पाठवल्या दिवशीच विकला असं धरतात आणि कर व्याजासह पार्टीच्या अंगावर येतो. आयटीसी-०४, म्हणजे जॉबवर्कला गेलेल्या-आलेल्या मालाचा जीएसटीचा फॉर्म, पार्टीने भरायचा असतो, ५ कोटींवर उलाढाल असेल तर सहामाही, नाहीतर वार्षिक. पण त्यातले परतीचे आकडे तुमच्या चलनावरूनच जातात. त्यात एककाचा आणि तूट-वाया मालाचा रकाना आहे, हे लक्षात घेऊन डिक्शनरी करा.

---

रबाळे_स्टोअर

सगळ्यांचे आभार. गोल सहावर आले. क्षेत्रफळाचं बरोबर पकडलंत, सुपरवायझरची डायरी आहे, नगाला ०.६४ चौ. फूट असं लिहिलेलं. ती साठा म्हणून दाखवू का? आणि चित्र बरोबर आहे हे सॉफ्टवेअरवाल्याला देण्याआधी तपासायचं कसं?

---

चलनवलन

दाखवा. तार्किक चित्रात नाव 'डायरी' नको, 'नग माहिती' ठेवा: नग कोड + कोरं वजन + क्षेत्रफळ. गोल १ तिथून वजन वाचेल, गोल ५ क्षेत्रफळ. आणि त्यात लिहिणारा गोलही हवा, नवा नग आला की भरणारा. ज्या साठ्यात कुणी लिहीत नाही किंवा ज्यातून कुणी वाचत नाही, तो साठा संशयित.

तपासणी: बंद झालेली पाच चलनं आणि अडकलेली पाच घ्या. प्रत्येकाच्या शेवटच्या कागदावरून, म्हणजे बिल किंवा शिल्लकपत्रावरून, उलटे या. प्रत्येक रकान्यावर बोट ठेवून विचारा, हा कोणत्या बाणाने आला? बाण सापडला नाही तर चित्र अपुरं. कागदावर सही करणाऱ्या माणसाला शेजारी बसवा, एकट्याने करू नका.

जमाखर्च

अडकलेल्या पाचात तुमचे १८ नग असू द्या. ७ साठी गोल ३ मधून 'न कोट करता परतीचे नग' हा बाण गोल ४ कडे जातोय ना, एवढं बघा. ११ साठी बाण गोल २ कडे मागे जाईल, आणि त्यावर मूळ चलन क्रमांक लिहिलेला हवा.