मदत हवी आहे: अग्निशमन केंद्राची जागा कशी ठरवायची?

नमस्कार मंडळी. मी जळगावचा, नगररचना शिकतोय. शहरात नवी अग्निशमन केंद्रं कुठे असावीत यावर प्रकल्प करतोय आणि अडकलोय.

सरळ अंतर मोजून जमत नाही. मधून रेल्वेचे रूळ गेलेत. पलीकडचं घर डोळ्यांसमोर दिसतं, पण बंबाला पुलावरून वळसा पडतो. म्हणून रस्त्याने लागणारी मिनिटं धरतोय, तीही संध्याकाळच्या गर्दीतली.

चर्च आणि रेव्हेल या दोन संशोधकांची 1974 ची पद्धत वापरली. केंद्रांची संख्या ठरवून द्यायची, मग वेळेत जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचणाऱ्या जागा ती निवडते. पण लोकसंख्या धरली की जुनं गाव पुढे जातं, एमआयडीसीतल्या दालमिल मागे पडतात. रात्री तिथे माणसं कमी, पण माल? गेल्या उन्हाळ्यात काकांच्या जिनिंगमध्ये आग लागली होती. वरून विझलेली कापसाची गाठ दुसऱ्या दिवशी फोडली तर आत लालभडक निखारा! ते बघितल्यापासून नुसती डोकी मोजणं मला पटत नाही.

अशा जोखमीला वजन किती द्यावं? आणि एक बंब आधीच बाहेर असेल तर दुसरा कुठून धरायचा? बंबावर काम केलेलं कोणी असेल तर कृपया सांगा, धुळे-भुसावळकडचेही चालतील. पुढच्या आठवड्यात सादरीकरण आहे.