कुंपणावरची पांढरी-गुलाबी फळं, नक्की कसली?

परसातली_नवशी: जूनमध्ये नाशिकला रो-हाऊस घेतलं. मागच्या कुंपणाला आधीच्या मालकांनी लावलेलं झुडूप आहे, पुरुषभर उंच, पानं जाड चकचकीत, काटे असे की हात घातला की ओरखडा ठरलेला. आता झुबक्यांनी फळं लागलीयत, छोट्या बोराएवढी, अर्धी पांढरी अर्धी गुलाबी. सासूबाईंनी एक तोडलं तर देठातून पांढरा चीक, बोटं चिकट. चीक म्हटलं की मला कण्हेरच आठवते आणि मुलगा 4 वर्षांचा आहे, छाटून टाकू का?

घाटावरचा: अहो थांबा, करवंद वाटतंय!

परसातली_नवशी: करवंदं काळी ना? आणि मे महिन्यातच संपतात की.

आजोळ_रत्नागिरी: ती डोंगरची काळी मैना. हे बागेतलं मोठं करवंद, भाजीवाले करोंदा म्हणतात, पावसाळ्यात येतं, पूर्ण पिकलं की हेही जांभळट काळं होतं. कण्हेर याच कुळातली आहे, त्यामुळे तुमची शंका रास्तच आहे, पण कण्हेरीला काटे नसतात आणि फळ लांब शेंगेसारखं असतं. करवंदाची पानं समोरासमोर, काटे जोडीने, फुलं पांढरी जुईसारखी, फळात चपट्या बिया. तरी फोटो टाका, नुसत्या वर्णनावरून पोराला खायला देऊ नका.

घाटावरचा: बेकरीतली लाल चेरी असते ना, ती बऱ्याचदा हेच करवंद, बिया काढून पाकात मुरवून रंग दिलेलं. मला कळलं तेव्हा जरा फसवल्यासारखंच वाटलं होतं 😄

परसातली_नवशी: फोटो टाकले. काटे जोडीनेच आहेत, एक फळ कापलं तर आत बिया चपट्या.

आजोळ_रत्नागिरी: पाहिले, करवंदच. आता लोणचं घाला, कच्चीच घ्या, सुरीला आणि हाताला तेल लावा नाहीतर चीक निघता निघत नाही, दोन तुकडे करून बिया काढा, मीठ लावून ठेवा, मग कैरीच्या लोणच्याचाच मसाला आणि गार केलेली फोडणी. चटणी करणार असाल तर ओलं खोबरं, मिरची आणि गूळ सढळ हाताने, मी पहिल्यांदा गुळात कंजूषी केली तर घरात कोणी दुसरा घास घेतला नाही. जॅम करायचा तर वेगळं पेक्टिन लागत नाही, आपोआप घट्ट होतो.

परसातली_नवशी: सासूबाई म्हणतात थोडी झाडावरच पिकू दे, पोराला कोंबडा की कोंबडी खेळायला शिकवायचंय, म्हणजे पिकलेलं करवंद फोडून आतून लाल निघतं की पांढरं ते ओळखायचं.