मदत हवी आहे: वळिवड्याच्या छावणीतल्या मुलाने काढलेलं पोलिश विमान ओळखायचं आहे

रंकाळावेस

नमस्कार मंडळी. विमानांतलं मला फारसं कळत नाही, त्यामुळे प्रश्न जरा लांबण लावून विचारतो. जाणकारांनी कृपया शेवटपर्यंत वाचावं.

माझ्या वडिलांकडे एक चित्र आहे. वहीचं आडवं पान, त्यावर शिसपेन्सिल आणि लाल-निळ्या पेन्सिलीने काढलेलं लढाऊ विमान. गेली ८० वर्षं ते त्यांच्या ट्रंकेत, धोतरांच्या घडीखाली आहे. बाबा आता ९२ वर्षांचे आहेत.

कोल्हापूरच्या लोकांना सांगायला नको, पण इतरांसाठी सांगतो. १९४३ ते १९४८ या काळात इथे वळिवड्याला पोलिश निर्वासितांची छावणी होती. रशियाने पोलंडमधून सैबेरिया आणि मध्य आशियात नेऊन टाकलेली आणि पुढे इराणमार्गे सुटून आलेली सुमारे ५००० माणसं, त्यात बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी. कर्ते पुरुष लढाईवर. फाळणीनंतर त्याच बराकींमध्ये सिंधी कुटुंबं आली आणि तेच आजचं गांधीनगर. माझे आजोबा छावणीत दूध घालायचे आणि बाबा किटली धरायला बरोबर जायचे. तिथल्या एका मुलाशी त्यांची दोस्ती झाली. भाषा कुणालाच कुणाची येत नव्हती. त्या मुलाचं नाव जुबेक, असं बाबा सांगतात. चित्र त्यानेच दिलं.

चित्रात काय आहे ते लिहितो. विमानाचं नाक डावीकडे. अंगावर इंग्रजी अक्षरं: पी, के, मग ब्रिटिश विमानांवर असतो तो गोल, मग तिसरं अक्षर, ते पुसट आहे, सी असेल किंवा जी. नाकाजवळ लाल-पांढरा चार घरांचा छोटा चौकोन. शेपटीच्या अलीकडे अंगाभोवती काळे-पांढरे पट्टे. पोटाखाली एक फुगवटा. आणि मला सगळ्यात बुचकळ्यात टाकणारी गोष्ट: काचेच्या टोपणाखाली दोन डोकी आहेत. एकामागे एक नाहीत, एकमेकांना अगदी चिकटून.

पुढच्या महिन्यात बाबांचा वाढदिवस आहे. हे विमान बनवून त्यांच्या हातात द्यायचं मनात आहे. पोलिश वैमानिकांबद्दल जे वाचायला मिळालं ते बहुतेक ब्रिटिश हवाई दलातल्या ३०३ स्क्वाड्रन या पोलिश तुकडीचं होतं, म्हणून मी १:७२ मापाचं स्पिटफायरचं किट आणि पोलिश खुणांचा डेकलचा (म्हणजे मॉडेलवर चिकटवायच्या छापील खुणांचा) कागद मागवला. पण काहीच जुळत नाही. ३०३ची अक्षरं आर-एफ आहेत. स्पिटफायरमध्ये बसायला एकच माणूस. शिवाय डेकलमधल्या चौकोनात वरचं डावं घर पांढरं आहे, चित्रात लाल. मुलाच्या हातून चूक झाली असेल का?

गरुडझेप_नाशिक

पोटाखाली फुगवटा म्हणजे माझ्या मते हरिकेन, ब्रिटिशांचं दुसरं लढाऊ विमान. तिचा रेडिएटर पोटाखालीच असतो. १९४० च्या ब्रिटनच्या लढाईत ३०३ स्क्वाड्रन लंडनजवळच्या नॉर्थोल्टहून हरिकेनच उडवत होतं. ऑगस्टच्या अगदी शेवटी ते मैदानात उतरलं, तरी शत्रूची १२६ विमानं पाडल्याचे दावे त्यांच्या नावावर लागले. पीके हे कदाचित दुसऱ्या एखाद्या पोलिश तुकडीचं असेल.

पंखांची_वही

रंकाळावेस, चित्राचं वर्णन तुम्ही फार नीट केलंत, त्यामुळे काम सोपं झालं.

पीके ही ३१५ क्रमांकाच्या स्क्वाड्रनची अक्षरं. ब्रिटिश हवाई दलाखाली लढणाऱ्या बहुतेक पोलिश लढाऊ तुकड्यांना पोलंडमधल्या गावांची नावं दिली होती: ३०२ पोझ्नानची, ३०६ तोरूनची, ३०८ क्राकूफची, ३१७ विल्नोची. त्यांची अक्षरं अनुक्रमे डब्ल्यू-एक्स, यू-झेड, झेड-एफ आणि जे-एच. ३१५ डेंब्लिनची. डेंब्लिनला पोलंडची वैमानिक घडवणारी शाळा होती, म्हणजे त्यांच्या दृष्टीने गुरुकुलाचंच नाव. बिल्ल्यावर झुंजीचा कोंबडा.

गरुडझेप, ३१५कडे १९४१च्या सुरुवातीला हरिकेन होत्या हे खरं, पण या चित्रातलं विमान हरिकेन असू शकत नाही. कारण पट्टे. काळे-पांढरे पट्टे जून १९४४ मध्ये दोस्त सैन्य फ्रान्समध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलं त्यासाठी अगदी आदल्या दोन-तीन दिवसांत रंगवले गेले, आपल्याच तोफांनी आपलीच विमानं पाडू नयेत म्हणून. तोवर ३१५ हरिकेन सोडून स्पिटफायरवर आणि १९४४च्या वसंतात स्पिटफायर सोडून अमेरिकन बनावटीच्या मस्टँगवर गेलं होतं.

रंकाळावेस, दोन गोष्टी पाहून सांगा. फुगवटा बरोबर वैमानिकाच्या खाली आहे की त्याच्या मागे सरकलेला? आणि पट्टे मोजून किती?

रंकाळावेस

भिंग घेऊन बसलो. फुगवटा मागे आहे, पंख संपतात तिथपासून शेपटीकडे गेलेला. पट्टे पाच: पांढरा, काळा, पांढरा, काळा, पांढरा. पांढऱ्याच्या जागी कागद कोरा सोडलाय, पण कडा पेन्सिलीने आखल्या आहेत.

पंखांची_वही

मग शंका उरली नाही. मस्टँग ३. स्पिटफायरचे रेडिएटर पंखांखाली असतात, हरिकेनचा वैमानिकाच्या खाली, मस्टँगचा त्याहून मागे. पट्टेही अचूक पाचच आहेत. ज्याने हे काढलं त्याने एखादा फोटो पाहिला असणार, किंवा त्याला कुणीतरी फार बारकाईने लिहून कळवलं असणार. छावणीतल्या कितीतरी मुलांचे वडील आणि भाऊ पोलिश सैन्यात होते, पत्रं येत होती, आणि मुंबईहून पोलिश भाषेत नियतकालिकही निघत होतं.

स्पिटफायरचं किट बाजूला ठेवा. मस्टँग ३ हवं, आणि त्यातही वर फुगीर सरकतं टोपण असलेलं मिळालं तर उत्तम. मूळ अमेरिकन टोपण बिजागरीचं आणि अरुंद होतं, ब्रिटनमध्ये ते बदलून पुष्कळ मस्टँगना हे फुगीर टोपण बसवलं.

रेघोट्या

मी पोलिश खुणांवर बरीच वर्षं टिपणं काढतेय, म्हणून चौकोनापुरतं लिहिते.

रंकाळावेस, मुलाची चूक नाही. तुमच्या डेकलची आहे.

हा चौकोन म्हणजे ‘शाखोव्नित्सा’, आपल्या भाषेत बुद्धिबळाचा पट. मुळात ती स्तेफान स्तेत्स नावाच्या वैमानिकाची वैयक्तिक खूण होती. पोलंड नुकतं पुन्हा उभं राहत होतं, तेव्हा डिसेंबर १९१८ मध्ये ती साऱ्या पोलिश विमानांची खूण म्हणून स्वीकारली गेली. तेव्हापासून वरचं डावं घर लाल असायचं. १९९३ मध्ये पोलंडने घरांचा क्रम उलटवला, कारण ध्वजचिन्हांच्या शास्त्राप्रमाणे पांढऱ्याला पहिला मान. आज पोलिश विमानांवर दिसतो तो हा नवा क्रम. तुमचा डेकल छापणाऱ्याने आजची खूण उचलून १९४४च्या विमानावर चिकटवली. ही गफलत मी अनेक कागदांवर पाहिली आहे आणि प्रत्येक वेळी वाईट वाटतं, कारण त्या लोकांकडे स्वतःचं म्हणून मिरवायला एवढा एकच चौकोन होता. विमान ब्रिटिशांचं, पंखांवरचा गोल ब्रिटिशांचा, अक्षरंही त्यांच्याच पद्धतीची. आपला देश दिसायचा तो नाकावरच्या त्या तळहाताएवढ्या खुणेत. काही विमानांवर तिच्याखाली ‘पोलंड’ असंही लिहिलेलं असे.

उपाय सोपा आहे. कागदावरून चौकोन कापून पाव फेरी फिरवून लावा, क्रम बदलतो. कडेच्या पट्टीकडे मात्र लक्ष असू द्या: लाल घराला पांढरी कड, पांढऱ्याला लाल. फिरवल्यावरही ती आपोआप बरोबर राहते.

हॅरोची_शाल्मली

मी लंडनच्या या बाजूला राहते, नॉर्थोल्टचं पोलिश वैमानिकांचं स्मारक माझ्या रोजच्या रस्त्यावर आहे. त्यामुळे त्या लोकांबद्दल वाचायची सवय लागली. धागा सकाळी पाहिला आणि कामात लक्ष लागेना.

रंकाळावेस, तुम्ही लिहिलंत की त्या मुलाचं नाव जुबेक होतं. हे बाबांना कसं कळलं, त्याने स्वतःकडे बोट दाखवून सांगितलं होतं का? की चित्र देताना म्हटलं होतं? कृपया त्यांना विचारा, मग पुढे लिहिते.

रंकाळावेस

विचारलं. बाबा म्हणाले, चित्र देताना. चित्रावर बोट ठेवून तो ‘जुबेक, जुबेक’ म्हणाला. नंतर दोन बोटं दाखवली, मग बाबांचा दंड धरून त्यांना ओढत विहिरीपर्यंत नेलं आणि दोघं एकाच दगडावर दाटीवाटीने बसले. बाबांना तो खेळ वाटला होता. नंतर बाबा त्याला जुबेक म्हणूनच हाक मारायचे आणि तो हसायचा.

हॅरोची_शाल्मली

मग ऐका.

१९४४ मध्ये ३१५ स्क्वाड्रनचे प्रमुख होते एउगेन्युश होर्बाचेव्स्की. वय २६. त्याआधी १९४३ मध्ये ट्युनिशियात स्तानिस्वाव स्काल्स्की यांच्या हाताखालच्या मोजक्या पोलिश वैमानिकांच्या गटात ते लढले होते. शत्रूची एकूण साडेसोळा विमानं पाडल्याची नोंद त्यांच्या नावावर आहे (अर्धं म्हणजे दुसऱ्याबरोबर मिळून पाडलेलं). त्यांच्या मस्टँगवर पीके नंतरचं अक्षर होतं जी. आणि सगळे त्यांना हाक मारायचे त्यांच्या टोपणनावाने: जुबेक.

२२ जून १९४४ला ही तुकडी फ्रान्समधल्या शेरबुर्गच्या बाजूला जमिनीवरच्या लक्ष्यांवर गेली. तामोविच नावाच्या त्यांच्या वैमानिकाचं विमान विमानविरोधी तोफांनी टिपलं आणि तो दलदलीत उतरला. जवळच अमेरिकन लोक धावपट्टी तयार करत होते, ती अजून पुरी झालेली नव्हती. होर्बाचेव्स्की यांनी त्याच पट्टीवर मस्टँग उतरवलं, चिखलपाणी तुडवत जखमी तामोविचपर्यंत गेले, त्याला बाहेर काढलं, आणि एका माणसाच्या त्या विमानात दोघं बसून इंग्लंडला परत आले.

दोन डोकी म्हणूनच आहेत. चिकटून आहेत, कारण आसन एकच होतं. छावणीतल्या मुलाला हे नेमकं कुणी कळवलं ते आता कोण सांगणार. पण दंड धरून ओढणं आणि एका दगडावर दोघांनी बसणं, याचा दुसरा काही अर्थ मला तरी लागत नाही.

पुढचंही सांगायला हवं. १८ ऑगस्ट १९४४ला फ्रान्समध्ये बोव्हेजवळ त्यांच्या १२ मस्टँगनी साधारण ६० जर्मन फॉके-वुल्फ विमानांवर झडप घातली. पोलिश बाजूने १६ पाडल्याचा दावा झाला, त्यांतली तीन होर्बाचेव्स्की यांची. परत न आलेलं विमान एकच, तेही त्यांचंच. १९४७ मध्ये त्याचे अवशेष सापडले.

गरुडझेप_नाशिक

अंगावर काटा आला. हरिकेनचा माझा अंदाज चुकला याचा आज आनंद आहे.

रंकाळावेस

काल रात्री जेवणं झाल्यावर बाबांना सगळं वाचून दाखवलं. शाल्मलीताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचायला लावला. दलदलीचं आलं तेव्हा त्यांनी मान हलवली, “बरोबर, विहिरीजवळ चिखल होता, तिथंच नेलं मला.” मग बराच वेळ गप्प.

झोपायच्या आधी म्हणाले, “मग त्या पोराचं नाव काय रे?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. सगळा जन्म ते त्याला दुसऱ्याच्या नावाने आठवत आलेत. पण रागावले नाहीत. म्हणाले, त्यालाच ते नाव आवडत असणार, नाहीतर हसला नसता.

मस्टँगचं किट मागवलंय, फुगीर टोपणाचं. आता दोनच प्रश्न. पट्टे किती रुंद रंगवू? आणि ते फक्त खालून होते की वरूनही?

पंखांची_वही

एका इंजिनच्या विमानावर प्रत्येक पट्टा १८ इंच. १:७२ मापात ६.३५ मिलिमीटर, पाच मिळून पावणेबत्तीस. मास्किंग टेप सव्वासहाची मिळाली तरी चालेल, तेवढा फरक डोळ्याला दिसत नाही. पंखांभोवती आणि अंगाभोवती पूर्ण फिरवा. जुलैपासून वरच्या बाजूचे पट्टे काढायला सुरुवात झाली, पण तुमचं विमान २२ जूनचं आहे. कडा फार धारदार करू नका, हे पट्टे घाईत मारलेले होते.

वरचा रंग गडद हिरवा आणि समुद्री राखाडी, खालून फिकट राखाडी. अक्षरं आणि नाकाचा शंकू फिकट निळसर-हिरवट.

रेघोट्या

तिसरं अक्षर जीच लिहा. आणि चौकोनाचं वरचं डावं घर लाल, विसरू नका.

रंकाळावेस

विसरणार नाही. चित्र समोर टाचून ठेवलंय, त्यात दिसतंच आहे. किट आज आलं. पण पेटीत वैमानिकाचा पुतळा एकच आहे. दुसरा मातीचा करून पाहिला, टोपणाखाली मावत नाही.

गरुडझेप_नाशिक

माझ्याकडे त्याच मापाचा एक जादा वैमानिक पडून आहे. त्याचे गुडघे थोडे तासले की पहिल्याला टेकून बसेल. पत्ता व्यक्तिगत निरोपाने कळवा, उद्याच टपालात टाकतो.