शेडला लागून आईची खोली, डस्ट कलेक्टर कोणता घ्यावा?

सागवान_सांगली:
नमस्कार मंडळी. घराच्या मागे १० बाय १४ फुटांची पत्र्याची शेड आहे, उंची १० फूट. नोकरी सांभाळून शनिवार-रविवार देव्हारे करतो. सागवान, थोडं शिसम, पाठीला प्लाय. १० इंची टेबल सॉ, १२ इंची थिकनेसर (फळी रंधून सारख्या जाडीची करणारं मशीन) आणि हातातला ऑर्बिटल सँडर, एवढी यंत्रं. सगळ्यांना मिळून एकच ३० लिटरचा शॉप व्हॅक, म्हणजे भुसा ओढायचा व्हॅक्यूम क्लीनर. थिकनेसरला लावला की दोन-तीन फळ्यांत डबा भरतो, सँडरला लावला की पंधरा मिनिटांत फिल्टर चोंदतो.

पण विचारायचं कारण वेगळं आहे. आईला दमा आहे आणि तिची खोली शेडच्या भिंतीला लागून आहे. मागच्या रविवारी तिच्या उशाशी पालथं ठेवलेलं फुलपात्र उचललं, तर बोटांना सागाची पिवळट पूड लागली. मधलं दार दिवसभर बंद होतं. तेव्हापासून काम थांबवलंय. दोन ऑर्डरी अडकल्यात, पण हे मिटल्याशिवाय मशीन सुरू करणार नाही.

बजेट ३० हजार. एक दुकानदार म्हणतो २ एचपीचा बॅगवाला घ्या, म्हणजे पंख्याने भुसा ओढून कापडी पिशवीत गाळणारा कलेक्टर. दुसरा म्हणतो आहे त्या व्हॅकला सायक्लोन लावा, म्हणजे हवा गरगर फिरवून भुसा व्हॅकच्या आधीच खाली पाडणारा शंकू. कुणाचं ऐकू?

बाल्कनी_सुतार_पुणे:
मी फ्लॅटच्या बाल्कनीत काम करतो. व्हॅकच्या आधी झाकणाच्या बादलीवर सायक्लोन बसवलाय. जवळजवळ सगळा भुसा बादलीतच पडतो. पूर्वी रोज झटकायला लागणारा फिल्टर आता महिन्यातून एकदा झटकतो. फक्त बादली जाड घ्या, पातळ बादली ओढीने चेपते. थिकनेसर माझ्याकडे नाही, त्याचं सांगू शकत नाही.

भट्टीवाला_कोल्हापूर:
फौंड्रीत २२ वर्षं डस्ट कलेक्टरच्या मेंटेनन्सला होतो. आता घरच्या शेडमध्ये सुतारकाम करतो. तुमची पोस्ट दोनदा वाचली. आईंचा प्रश्न आहे म्हणून सविस्तर लिहितो.

दोन्ही दुकानदार अर्धे बरोबर आहेत. व्हॅकला ओढ जास्त, हवा कमी. बॅगवाल्याला हवा भरपूर, ओढ कमी. १०० मिमी पाइपावरून सँडरच्या ३५ मिमी नळीवर आलात की वाट आठपट अरुंद होते, तिथं बॅगवाला काही ओढत नाही. आणि थिकनेसरच्या ढलप्यांना व्हॅक पुरत नाही, ते तुम्ही बघितलंच आहे. सँडरला व्हॅक आणि सायक्लोन, बाकी दोन मशीनना बॅगवाला. तुमच्या कामाला दोन्ही लागतील.

१ की २ एचपी? भुसा पाइपात खाली न बसता पुढे जायचा तर हवेचा वेग सेकंदाला २० मीटर तरी पाहिजे. १०० मिमी पाइपात म्हणजे तासाला साधारण ५६५ घनमीटर हवा. कॅटलॉगवर याच्या दुप्पट-तिप्पट आकडा दिसेल, पण तो पाइप न जोडता मोजलेला असतो. मी आधी १ एचपीचा घेतला होता. चार मीटर लवचिक नळी जोडल्यावर सॉच्या पोटात भुसा साचायला लागला. त्या नळीच्या वळ्या गुळगुळीत पाइपाच्या तिप्पट तरी हवा अडवतात. म्हणून २ एचपी घ्या आणि लवचिक नळी फक्त शेवटचा मीटरभर ठेवा. बाकी ड्रेनेजचा ११० मिमी एसडब्ल्यूआर पाइप. त्याचं आतलं माप साधारण १०५ मिमी येतं. मशीनचं १०० मिमीचं तोंड आत घालायचं, सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळली की घट्ट बसतं. काटकोनी एल्बोऐवजी ४५ अंशांचे दोन लावा.

आता आईंचं. भुसा दिसतो, तो जमिनीवर पडतो, झाडता येतो. दम्याच्या माणसाला छळते ती १० मायक्रॉनच्या खालची पूड (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). ती तासन्‌तास तरंगते आणि फटीतून पलीकडे जाते. स्वस्त कलेक्टरची पिशवी बहुतेक वेळा ३० मायक्रॉनची असते. तो शेडमध्येच ठेवलात तर जाड भुसा गोळा होईल आणि बारीक पूड पिशवीतून गाळून परत हवेत येईल. तुमच्याही छातीचा विचार करा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच लाकडाच्या धुळीला माणसाला कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात टाकलंय.

म्हणून माझं ठाम मत: कलेक्टर शेडच्या बाहेर ठेवा, आईंच्या भिंतीच्या विरुद्ध बाजूला, छपरी करून. थंड मुलखात तापवलेली हवा बाहेर सोडणं परवडत नाही, म्हणून लोक महागडे फिल्टर लावून तीच हवा आत फिरवतात. सांगलीत आपल्याला ती अडचण नाही, हा मोठा फायदा सोडू नका. तुमच्या शेडमध्ये सुमारे ४० घनमीटर हवा आहे, ती चार-सव्वाचार मिनिटांत पूर्ण बदलेल. शिवाय शेडमध्ये किंचित ओढ राहील, त्यामुळे हवा आईंच्या खोलीकडून शेडकडे येईल, उलटी जाणार नाही. त्यासाठी बाहेरची खिडकी उघडी ठेवा, पण थोडीच. आणि सगळ्यात आधी भिंत आणि पत्रा यांच्यातली फट बुजवा, पूड तिथूनच जात असणार. पिशवी मात्र ५ मायक्रॉनची तरी घ्या, शेजारी गच्चीवर पापड वाळत घालतात.

पिशवी धुऊ नका. आतून धुळीचा जो थर बसतो त्याला आम्ही केक म्हणायचो, खरं गाळण्याचं काम तोच करतो. तो फार जाड झाला का हे बघायला गवंडी लेव्हलला वापरतात ती पारदर्शक नळी घ्या, यू आकारात फळीवर ठोका, निळी शाई घातलेलं पाणी भरा, एक टोक वरच्या पिशवीखालच्या कड्यात घाला. माझ्याकडे साफ पिशवीला दोन बाजूंच्या पाण्यात २५ मिमी फरक असतो. ७० झाला की हलकेच झटकतो.

जमिनीवरचा भुसा कलेक्टरने ओढू नका. माझ्याकडे एकदा खिळा पंख्यावर आपटला, ठिणगी पिशवीत गेली. संध्याकाळी धूर आला म्हणून कळलं. तेव्हापासून रोज पिशवी रिकामी केल्याशिवाय शेडला कुलूप लावत नाही.

लाखकाम_सावंतवाडी:
ताई म्हणून एक सांगते. आम्ही लेथवर खेळणी घासतो तेव्हा मशीन थांबल्यावरही अर्धा तास मास्क काढत नाही, पूड तेव्हाही हवेतच असते. एन ९५ वापरा, रुमाल नको. आणि कामाचे कपडे शेडमध्येच बदला. आईंच्या खोलीत पूड तुमच्या शर्टावरूनही जात असेल.

सागवान_सांगली:
काका, ताई, तीन आठवड्यांनी लिहितोय. फट सिमेंटने बुजवली, २ एचपीचा कलेक्टर मागच्या छपरीत बसवला, व्हॅकला सायक्लोन लावला. कलेक्टरला वेगळी लाइन आणि स्वतंत्र एमसीबी टाकला, कारण सॉ चालू असताना तो सुरू केला की जुना एमसीबी पडत होता. शर्टाचं ताईंनी बरोबर ओळखलं होतं.

कलेक्टर चालू करून मधल्या दाराखाली उदबत्ती धरली. धूर सरळ शेडकडे ओढला गेला. आईच्या उशाशी काळा कागद ठेवून दिवसभर सागाच्या फळ्या काढल्या. संध्याकाळी कागदावर कापसाची दोन तुसं होती, पूड नव्हती. काल पहिला देव्हारा पोचवला.

एक विचारायचं राहिलं. पावसाळ्यात बाहेरच्या पिशवीचं काय करायचं?

भट्टीवाला_कोल्हापूर:
वाचून बरं वाटलं. छपरीला पावसाच्या बाजूने ताडपत्री सोडा, मोटरच्या टर्मिनल बॉक्सला रबरी गॅस्केट आहे का बघा. काम संपल्यावर दहा मिनिटं नुसता चालवा, म्हणजे पिशवीतला ओलावा निघून जातो. ओला केक दगडासारखा बसतो. आईंना नमस्कार सांगा.