खांद्याचं ऑपरेशन बसवून करणार आहेत, बाबांना बीपी आहे

लेक_फलटणची
बाबा ६८ वर्षांचे. उजव्या खांद्याचा रोटेटर कफ (सांध्याभोवतीचे स्नायू आणि त्यांचे पट्टे) फाटलाय, पुढच्या आठवड्यात दुर्बिणीतून ऑपरेशन. आरामखुर्चीत बसल्यासारखं ठेवून करतात म्हणे. बाबा रोज सकाळी बीपीची गोळी टेल्मिसार्टन घेतात. बसवून भूल दिली की मेंदूला रक्त कमी पडतं असं शेजारच्या काकांनी सांगितल्यापासून आईचा जीव थाऱ्यावर नाही. खरंच होतं का असं?

भूलतज्ज्ञ_सांगली
ताई, होऊ शकतं, पण फार क्वचित. जागेपणी आपण उठून बसलो की रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि दाब टिकतो. पूर्ण भुलीत हे आवळणं ढिलं पडतं, रक्त पायांकडे उतरतं.

खरी गोम मोजण्यात आहे. बीपी मोजायचा पट्टा दंडाला असतो, मेंदू त्याच्या वर. दर १० सेंटीमीटर उंचीला दाब साधारण ७ ते ८ मिलिमीटर पाऱ्याने कमी होतो. दंडाला सरासरी दाब (वरचा-खालचा मिळून काढलेला) ६५ दिसत असेल आणि मेंदू ३० सेंटीमीटर वर असेल, तर तिथे जेमतेम ४२ पोचतो. पट्टा पोटरीला बांधला तर आकडा आणखीच फसवा. अशा ऑपरेशननंतर मेंदूला इजा झालेल्या चार रुग्णांची नोंद 2005 मध्ये छापून आली, तेव्हापासून याकडे जास्त लक्ष जातं.

सांध्यात रक्त कमी यावं, दुर्बिणीतून स्वच्छ दिसावं म्हणून सर्जनला दाब कमी हवा असतो. बीपीच्या पेशंटमध्ये मी त्याला सरळ नाही म्हणतो. त्यांच्या मेंदूला चढ्या दाबाची सवय झालेली असते.

तपासणीला जाल तेव्हा भूलतज्ज्ञांना विचारा: दाब कानाच्या पातळीला धरून मोजणार ना? टेल्मिसार्टनचा शेवटचा डोस कधी? बऱ्याचदा ती आदल्या दिवसापासून थांबवतात, नाहीतर भुलीत बीपी फार खाली येतं. पण मनाने बंद करू नका.

कोल्हापूरकर
माझं कुशीवर झोपवून, हात वजनाने ताणून केलं होतं. तसं नाही का करता येणार?

भूलतज्ज्ञ_सांगली
येतं, आणि मेंदूच्या रक्तपुरवठ्याला ते सोयीचंही. पण तिथे ताणलेल्या हाताच्या नसा आणि खालच्या हाताचा रक्तप्रवाह जपावा लागतो. सर्जनचा हात ज्या पद्धतीत बसलाय तीच करू द्यावी.

लेक_फलटणची
आभारी आहे डॉक्टर. मानेत इंजेक्शन देऊन फक्त हात बधिर करणार असतील तर?

भूलतज्ज्ञ_सांगली
पेशंट जागा असेल तर बोलत राहतो, तीच उत्तम देखरेख. मात्र त्यातही नाडी आणि दाब एकदम पडून घेरी येऊ शकते, म्हणून सलाईन आणि औषधं हाताशी तयार ठेवतो. पूर्वी कधी पॅरालिसिसचा झटका किंवा चक्कर येऊन पडणं झालं असेल, तर तेही आधीच सांगा.